पासबुकाच्या पहिल्या पानावर चार ओळी छापा

प्रति,
गोवा राज्यस्तरीय बँकर्स समितीचे सन्माननीय सदस्य
आणि रिझर्व्ह बँकेच्या पणजी कार्यालयातील अधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यात राहते. शिवणकाम करते आणि आमच्या वाड्यावरच्या महिलांच्या स्वयंसहाय्य गटाचे हिशेब लिहिते. बँकेची पायरी मला नवी नाही. तरीही यंदाच्या मे महिन्यात जे घडले, त्याने मी हलले, म्हणून बचत खात्यातून पैसे काढण्याच्या मर्यादांविषयी हे पत्र.

आमच्या घराचे छप्पर नळ्यांचे, म्हणजे मातीच्या कौलांचे. दोन वासे कुजले होते, रिपा वाळवीने खाल्ल्या होत्या. मिरगाआधी छप्पर उतरवून नळे परतायचे ठरले. सुताराला शब्द दिला, लाकूड सांगून ठेवले. खर्च सत्तर हजारांचा होता, पण पैशांची काळजी नव्हती. सासूबाईंनी काजूच्या बियांचे पैसे बचत खात्यात साठवले होते. पासबुकात ९१,४०० रुपये शिल्लक दिसत होती. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. एटीएम कार्ड त्यांनी कधी घेतले नाही, चेकबुकही नाही. पासबुक आणि पैसे काढायची स्लिप, एवढाच त्यांचा व्यवहार.

सकाळच्या कदंब बसने आम्ही दोघी वाळपईला गेलो. नंबर आल्यावर सासूबाईंनी स्लिप पुढे केली. काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरवर खाते पाहिले आणि म्हणाला, "आजी, आयज पंचवीस हजारांपरस चड मेळचे नात."

खाते फोंड्याच्या शाखेतले. सासरे तिकडे नोकरीला असताना उघडलेले. दुसऱ्या शाखेत नुसत्या पासबुकावर आणि स्लिपवर दिवसाला पंचवीस हजारच मिळतात, असा त्या बँकेचा नियम. मुलगा अदबीने बोलला, त्याला मी बोल लावत नाही. पण पंधराच दिवसांपूर्वी त्याच काउंटरवर आम्ही यंदाच्या बियांचे अठ्ठावीस हजार भरले होते. हे खाते फोंड्याचे आहे, इथे भरलेले इथे एकदम परत मिळणार नाही, असे तेव्हा कुणी सांगितले नाही. पैसे घेताना शाखा कुठली हे कुणी विचारले नाही. ते आठवले पैसे देताना.

पंचवीस हजार घेऊन परतलो. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी सासूबाईंना फोंड्याला नेले आणि उरलेले पंचेचाळीस हजार आणले. सुताराचा एक दिवस फुकट गेला, त्याची मजुरी आम्ही दिली, कारण चूक त्याची नव्हती. महिनाअखेरीस पासबुक भरून आणले, तर १७७ रुपये कापलेले. चौकशी केली तेव्हा कळले की महिन्यात तीनदा पैसे काढणे मोफत, चौथ्यापासून दर वेळी दीडशे रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. महिन्याच्या सुरुवातीला सासूबाईंनी औषधांसाठी दोन हजार आणि लग्नाच्या आहेरासाठी दीड हजार काढले होते. त्यामुळे वाळपईचे काढणे तिसरे ठरले आणि फोंड्याचे चौथे.

आम्ही एकदाच पैसे मागितले होते. बँकेच्या एका नियमाने त्या मागणीचे दोन तुकडे केले आणि दुसऱ्या नियमाने दुसऱ्या तुकड्याचे पैसे आकारले. यातला एकही नियम पासबुकावर नाही.

बँकेचे नाव मी लिहीत नाही. एका बँकेला दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. आमच्या गटात बारा जणी आहेत, खाती वेगवेगळ्या बँकांत आहेत. गटाच्या बैठकीत मी एकेकीला विचारले, तुझ्या खात्यातून महिन्यात किती वेळा मोफत पैसे काढता येतात? एकीलाही सांगता आले नाही. शिल्लक मात्र प्रत्येकीला रुपयापर्यंत पाठ होती.

वाळपईहून परतताना बसमध्ये सासूबाईंनी मला हळूच विचारले, "बँक बुडाली काय गो?"

तुम्ही अधिकारी माणसे, हा प्रश्न तुम्हाला भाबडा वाटू शकेल. पण "आज एवढे मिळणार नाहीत" हे वाक्य गोव्यातल्या माणसाने याआधी ऐकलेले आहे, आणि त्याची किंमतही मोजलेली आहे. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना एप्रिल २०२० मध्ये रद्द झाला, मडगाव अर्बनचा जुलै २०२१ मध्ये. परवाना जाण्याआधी दोन्हीकडचे खातेदार निर्बंधांखाली दिवस काढत होते, स्वतःच्या पैशांसाठी खेपा घालत होते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिली मर्यादा होती एका खात्याला १,००० रुपयांची. त्या बँकेच्या शाखा गोव्यातही होत्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणाऱ्या बायकांना विचारा, त्या दिवसांची आठवण कुणीतरी सांगेलच. त्यामुळे काउंटरवरून मर्यादेचा शब्द आला की इथल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. बँक चांगली चालली आहे, हा फक्त शाखेचा नियम आहे, हे त्याला त्या क्षणी कसे कळणार? फोंड्याला पंचेचाळीस हजार हातात पडेपर्यंत सासूबाई धड जेवल्या नाहीत.

मी त्यांना समजावले की ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत एका खातेदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, पूर्वी तो एक लाखाचा होता. २०२१ साली कायदा बदलला आणि बँकेवर निर्बंध आले तरी विम्याचे पैसे ९० दिवसांत द्यायची तरतूद झाली. हे सगळे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. मला मात्र बोलताना एक गोष्ट जाणवली. बुडणाऱ्या बँकेची मर्यादा वर्तमानपत्रात छापून येते, बँकेच्या दारावर चिकटवली जाते. धडधाकट बँकेची मर्यादा कुठेच दिसत नाही.

आता तुमची बाजू. मर्यादा बेकायदा आहेत असे मी म्हणत नाही. मी शोधून वाचले. रिझर्व्ह बँकेच्या ठेवींवरील व्याजाच्या निर्देशांत बचत ठेवीची व्याख्याच अशी आहे की ज्या व्याजी खात्यातून ठरावीक काळात किती वेळा आणि किती रक्कम काढायची यावर बँक बंधने घालू शकते, ते बचत खाते. नाव काहीही असो. म्हणजे मर्यादा ही बचत खात्याच्या जन्मापासूनची गोष्ट आहे. ती वाचून मला राग आला नाही, उलट नवल वाटले. ज्या बंधनावरून हे खाते ओळखले जाते, तेच बंधन खाते उघडताना कुणी सांगत नाही. आम्हाला सांगितले जाते, "बचत खाते आहे, कधीही काढा."

सासूबाईंच्या पिढीला नियम पाळता येत नाहीत असे तर अजिबात नाही. पूर्वी बचत खात्याचे व्याज महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळायचे. म्हणून घरोघरी एक रीत होती. पैसे भरायचे ते दहा तारखेच्या आत, आणि काढायचे तेही दहाच्या आतच. सासऱ्यांनी हे सासूबाईंना सांगितले होते आणि त्यांनी ते वर्षानुवर्षे पाळले. १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकीवर मोजले जाऊ लागले, तरी कितीतरी दिवस त्या दहा तारीख धरूनच बँकेत जात होत्या. अशिक्षित म्हणून सोडून द्यावीत अशी ही माणसे नव्हेत. नियम एकदा सांगा, ती आयुष्यभर लक्षात ठेवतील. त्यांना नियम ठाऊक नाहीत याचे कारण ते त्यांच्यापर्यंत आलेच नाहीत.

शिवाय नियम एक नाही, थरावर थर आहेत. शाखेतून मोफत किती वेळा, स्लिपवर किती, चेकवर किती, कार्डावर दिवसाला किती, मशीनमधून एका वेळी किती. बँकमित्राकडे आधारवर अंगठा लावून काढायचे तर वेगळीच मर्यादा. नवा फोन घेऊन यूपीआय सुरू केले तर पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच. ही शेवटची मर्यादा मला पटते. फोन चोरणाऱ्याच्या हाती सगळे खाते लागू नये म्हणून ती आहे, आणि तसे सांगितले तर कुणीही मान्य करील. मर्यादेचे कारण सांगता येत असेल तर ती झाकायची गरजच काय?

एटीएमचेच घ्या. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर महिन्याला पाच व्यवहार मोफत, कारण गोवा सहा महानगरांत येत नाही. तिथे ते तीनच आहेत. पण पाचांत नुसती शिल्लक पाहणेही धरले जाते, हे किती जणांना माहीत आहे? आमच्या गटातली एक काकी दर महिन्याला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दोन हजार जमा झाले की नाहीत ते पाहायला गावाजवळच्या मशीनवर जाते. मशीन तिच्या बँकेचे नाही. आज जमा नाहीत, उद्या बघू, परवा बघू. पैसे येईपर्यंत मोफत व्यवहार संपलेले असतात. मग काढताना १ मे २०२५ पासूनच्या दराने २३ रुपयांपर्यंत आकार आणि त्यावर कर, मिळून २७ रुपये १४ पैसे. दोन हजारांच्या पेन्शनीतून, पेन्शन आली का हे विचारल्याबद्दल. स्वतःच्या बँकेच्या मशीनवर शिल्लक पाहिली तर ती मोफत व्यवहारांत धरू नये, आणि मशीनमध्ये नोटा नसल्याने फसलेला व्यवहारही मोजू नये, अशी रिझर्व्ह बँकेची १४ ऑगस्ट २०१९ ची सूचना आहे. मी ती काकीला सांगितली. तिला ती सांगायचे काम खरे तर माझे नव्हते.

गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेच्या दीड हजारांचेही असेच होते. घरात रोकड ठेवायची भीती, म्हणून बायका लागेल तसे पाचशे-पाचशे काढतात. बसभाडे, गॅस, मुलांच्या वह्या. शून्य शिलकीच्या मूलभूत बचत खात्यात महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणे मोफत असलेच पाहिजे, हा नियम गरिबांच्या भल्यासाठी आहे आणि तो चांगला आहे. पण बँकेने चारावर थांबायचे ठरवले, तर ते चार मोजायचे कुणी? खातेदाराला चारांचा आकडाच ठाऊक नसेल तर ती पाचव्यांदा जाणारच.

तुम्ही म्हणाल, सगळे संकेतस्थळावर आहे. आहे खरे. माझ्या मुलाने शोधून दिले. चौदा पानांची इंग्रजी फाइल, खात्याच्या प्रत्येक प्रकाराला वेगळा रकाना, आणि सासूबाईंचे खाते कुठल्या प्रकारात मोडते ते पासबुकावर लिहिलेलेच नाही. शाखेतले फलक आणि पुस्तिका हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत हव्यात, ही रिझर्व्ह बँकेचीच सूचना आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरी कोंकणी ही राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही सोय राहिली. आमच्या शाखेत कर्जाच्या जाहिराती दोन्ही भाषांत झळकतात. आकारांचा तक्ता मात्र इंग्रजीत, तोही रांगेपासून दूरच्या भिंतीवर.

कर्जाचा विषय निघालाच आहे, तर या पत्रातले मुख्य मागणे इथेच मांडते. १ ऑक्टोबर २०२४ पासून कुठल्याही सामान्य माणसाला कर्ज देताना बँकेला एक वस्तुस्थितीपत्रक द्यावे लागते. व्याज किती, इतर आकार किती, एकूण बोजा किती, हे सगळे कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत लिहायचे, त्याला समजावून सांगायचे आणि समजल्याची त्याची सही घ्यायची. फार चांगला नियम आहे. आमच्या गटाने कर्ज घेतले तेव्हा आम्हाला याचा उपयोग झाला, आम्ही पहिल्यांदाच खरा आकडा पाहिला. जो माणूस बँकेकडून पैसे घेतो त्याला हे पत्रक मिळते. मग जो बँकेला पैसे देतो त्याला का नाही?

दुसरे उदाहरणही तुमच्याच घरातले आहे. खात्यात किमान शिल्लक कमी पडली तर बँकेने लगेच दंड घ्यायचा नाही. आधी कळवायचे, शिल्लक भरायला महिनाभराची मुदत द्यायची, मगच आकार लावायचा. हा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. आकार लावण्याआधी सूचना देणे बँकांना जमते, त्याची यंत्रणा आहे. मग पैसे काढण्याच्या मर्यादेला तीच रीत का लावू नये? १७७ रुपये कापल्याचा मेसेज माझ्या फोनवर कापल्यावर आला. तिसऱ्यांदा पैसे काढल्यावर "या महिन्यातले मोफत काढणे संपले" असा एक मेसेज आला असता, तर मी फोंड्याला गेल्यावर निदान विचारले असते की आमच्यावर हा आकार का.

माझा भाचा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. त्याला हे सांगितले तर म्हणाला, मावशी, इकडेही असेच आहे. तिथे सहज पैसे काढता येतील अशा नावाने बचत खाती विकली जातात आणि त्यांतल्या काहींच्या अटींत असते की वर्षात ठरावीक वेळांहून जास्त काढले तर व्याजाचा दर खाली येईल. नाव सहज, अट अवघड. तिथल्या वित्तीय नियामकाने ३१ जुलै २०२३ पासून कंपन्यांवर कर्तव्यच घातले आहे की ग्राहकाला समजेल अशा पद्धतीने सांगितले पाहिजे, नुसते छापून भागणार नाही. अमेरिकेत बचत खात्यातून महिन्याला फोनवरून किंवा ऑनलाइन करण्यासारखे सोयीचे व्यवहार सहाच, असा नियम कितीतरी वर्षे होता. एप्रिल २०२० मध्ये तो शिथिल झाला. तो जाचक असेल, पण सगळ्या बँकांना एकच आकडा होता आणि तो सगळ्यांना माहीत होता. आपल्याकडे शेजारच्या दोन बँकांचे आकडे वेगळे, आणि दोन्ही झाकलेले.

रिझर्व्ह बँकेने ३ डिसेंबर २०१४ रोजी ग्राहकांच्या हक्कांची सनद काढली. त्यातल्या पाच हक्कांपैकी एक पारदर्शक, उचित आणि प्रामाणिक व्यवहाराचा आहे. तक्रारीसाठी नोव्हेंबर २०२१ पासून एकात्मिक लोकपाल योजना आली. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर तिथे जाता येते. माझ्या १७७ रुपयांसाठी मी जाऊ शकले असते. पण मला हे १७७ रुपये परत नको आहेत. माझ्यासारखी एखादी जाईल, वाड्यावरच्या बाकीच्या अकरा जणी जाणार नाहीत, आणि नियम झाकलेलाच राहील.

शाखेची अडचण मला कळते. तिजोरीत किती रोकड ठेवायची यालाही मर्यादा असते, चवथीआधीच्या आठवड्यात सगळे गाव एकदम पैसे काढायला येते, आणि दोन माणसांवर चाललेल्या शाखेतल्या मुलांना चहा घ्यायलाही उसंत नसते. मोठी रक्कम हवी तर आदल्या दिवशी कळवा, असे सांगितले तर आम्ही कळवू. सुताराला आम्ही आठ दिवस आधी सांगितले होते, बँकेलाही सांगितले असते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. प्रत्येक बचत खात्याच्या पासबुकात, जिथे नाव आणि खाते क्रमांक असतो त्याच पानावर, मराठीत आणि कोंकणीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत या चार ओळी छापा:

"या खात्यातून शाखेत महिन्याला …… वेळा पैसे काढणे मोफत. त्यापुढे दर वेळी करासह …… रुपये.
आपल्या शाखेत दिवसाला …… रुपयांपर्यंत. दुसऱ्या शाखेत स्लिपवर …… रुपयांपर्यंत.
कार्डावर दिवसाला …… रुपये. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर महिन्याला …… व्यवहार मोफत, शिल्लक पाहणेही त्यात धरले जाते.
यापेक्षा मोठी रक्कम हवी असल्यास …… दिवस आधी शाखेत कळवा."

आकडे बदलले की नवा कागद चिकटवा, आणि बदलण्याआधी महिनाभर कळवा. जुन्या पासबुकांना रबरी शिक्का चालेल. हेच पैसे काढायच्या स्लिपच्या मागेही छापता येईल. ती मागची बाजू आज कोरी असते. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांना शेवटचे मोफत काढणे उरल्यावर मेसेज पाठवा, आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना काउंटरवरच्या मुलाने तोंडी सांगावे. कुठलीही मर्यादा उठवा असे मी मागत नाही.

आणखी एक सांगायचे आहे. मे महिन्यानंतर सासूबाईंनी पासबुकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने रेघा मारायला सुरुवात केली आहे. पैसे काढले की एक रेघ. महिना संपला की खोडरबराने पुसतात. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना ताप आला होता. औषधाला पैसे हवे होते, पण तीन रेघा झाल्या होत्या. त्यांनी मला सांगितले नाही. शेजारच्या काकीकडून पाचशे रुपये उसने आणले आणि एक तारखेला बँकेत जाऊन फेडले. पासबुकात तेव्हा एकोणीस हजारांवर शिल्लक होती.

आपल्या समितीची बैठक दर तिमाहीला होते. रिझर्व्ह बँकेचे आणि राज्य सरकारचे प्रतिनिधीही तिला असतात. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा ही विनंती. बोलावलेत तर सासूबाईंचे पासबुक घेऊन मी पणजीला येईन. पहिले पान आणि शेवटचे पान, दोन्ही आपण पाहावीत.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
सत्तरी तालुक्यातील एक खातेदार